सुताएवढा उघडा डोळा

जिजी, तुमच्या डोळ्यावर बांधायची मलमलीची पट्टी अजून दोरीवर आहे. काल तेरावं झालं. बायकांनी तुमची लुगडी वाटून घेतली, अंथरूण बाहेर काढलं, औषधाच्या बाटल्या धुऊन उपड्या घातल्या. ती पट्टी कशाची हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून तिला कोणी हात लावला नाही. मीही लावला नाही. दुपारी सवयीनं एरंडेलाची वाटी घेऊन तुमच्या खोलीकडे गेले आणि उंबऱ्यावरून परत आले.

तुमच्या सुमीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर हे लिहिते आहे. तुम्हाला अक्षर ओळखता येत नव्हतं. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "आता मेल्यावर मला वाचायला लावून राहिली काय तू?" मला हे तोंडानं सांगायचं होतं. अर्धं सांगून झालं. उरलेलं अर्धं इथे.

मी या घरात आले तेव्हा तेरा वर्षांची होते. पंगतीत माझ्या पानात मीठ वाढायचं राहिलं होतं आणि मी तशीच अळणी भाजी गिळत होते. तुम्ही माझ्या शेजारी होता. तुमच्या पानात मीठ होतं. तरी तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "मला मीठ द्या हो कोणी," आणि आलेलं मीठ बोटानं माझ्या पानात सरकवलंत. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून माझं बोलणं तुम्हीच बोललात. मला ताप आला की "हिला ताप आहे" तुम्ही सांगायचं, माहेरी जायचं असलं की "हिच्या आईची तब्येत बरी नाही" तुम्ही सांगायचं. दादासाहेब, म्हणजे तुमचे यजमान, माझे भासरे. त्यांच्यासमोर तर मी चौदा वर्षांत एक अक्षर बोलले नव्हते. आपल्या घरात गोषा, आणि भावजयीनं भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही हा त्या गोषातला गोषा. तुम्ही चिडवायचात, "माझी जाऊ मुकी नाही बरं का, फक्त तिची जीभ माझ्याकडे ठेवायला दिली आहे."

चौदा वर्षांत एकदा तुमच्या जागी मला बोलायची वेळ आली. तेवढी एकच वेळ.

डाव्या कानाखालची ती गाठ मी आले तेव्हा सुपारीएवढी होती. तुम्ही तिला आवळा म्हणायचात. पदर तसाच घ्यायचात की ती झाकली जाईल, आणि एकट्या असलो की माझं बोट धरून तिच्यावर ठेवायचात. "बघ, पळते. पोरासारखी पळते." दुखत नव्हती. पळत होती. कोणी लेप सांगितला, कोणी चुना-हळद सांगितली, शेजारची मिश्राइन म्हणाली, "दीदी, किसी की नजर लगी है." तुम्ही म्हणालात, "नजर लागायला तोंड पाहावं लागतं, बाई. तू तर माझ्या बांगड्याच पाहून राहिली होती." मिश्राइन आठ दिवस आली नाही.

मग दोन वर्षांपूर्वी ती लिंबाएवढी झाली, आणि पळायची थांबली. एका अंगानं अजून हलायची, दुसऱ्या अंगानं चिकटलेली. तुम्ही माझं बोट तिच्यावर ठेवायचं बंद केलंत.

त्या दिवाळीनंतरची दुपार. आपण दोघी माजघरात फरशीवर आडव्या झालो होतो. तुम्ही उताण्या झोपला होता, तोंड माझ्याकडे. तुमचा उजवा डोळा मिटला होता. डावा मिटला होता, पण पुरता नाही. पापण्यांच्या मधे सुताएवढी पांढरी रेघ राहिली होती. मला वाटलं तुम्ही जाग्या आहात. मी हळूच हाक मारली. तुम्ही घोरत होता.

मग मी रोज दुपारी पाहायचे. रोज ती रेघ. पाणी पिताना तुमच्या डाव्या ओठातून एखादा थेंब ओघळायचा आणि तुम्ही तो पदरानं टिपायचात, घाम टिपावा तसा. मी तुम्हाला हे सांगितलं नाही. मोठ्या जावेला तिच्या तोंडातलं व्यंग कसं दाखवायचं? आणि तुम्हाला आरशात ते दिसायचं नव्हतं. मिटलेला डोळा कोणालाच स्वतःचा दिसत नाही.

माघात दादासाहेबांनी डॉक्टर घरी आणला. सिविल लाइंसमधला बंगाली डॉक्टर, कचेरीतल्या साहेबांनीही त्याच्याच हातून गाठ काढून घेतली होती म्हणे. पलंगापुढे चादर बांधली. डॉक्टर बाहेर खुर्चीवर, दादासाहेब त्यांच्या शेजारी उभे, आत तुम्ही आणि मी. चादरीच्या फटीतून डॉक्टरांनी हात घातला आणि तुमच्या कानाखाली ठेवला. डोळे मिटून आंधळ्यानं चाचपावं तसा तो माणूस कितीतरी वेळ चाचपत होता. किती वर्षं झाली, दुखते का, अलीकडे वाढली का, असं विचारत होता. दादासाहेब उत्तरं देत होते. दुखत नाही. पंधरा वर्षं झाली. वाढली थोडी.

मग डॉक्टर म्हणाले, "पर्दा ज़रा हटा दीजिए. हाथ से आधा पता चलता है, आधा चेहरे से."

दादासाहेब म्हणाले, "चेहरा नहीं. अंदर हमारी भावज है, वो देखकर बता देगी."

तुम्ही माझ्याकडे पाहून भुवया उडवल्यात. तुम्हाला मजा वाटत होती. डॉक्टर बाहेरून सांगायला लागले. भुवया वर करायला सांगा. तुम्ही केल्यात. दात दाखवायला सांगा. तुम्ही मला वाकुल्या दाखवल्यासारखे दाखवलेत. गाल फुगवायला सांगा. तुम्ही फुगवलेत आणि डावीकडून फस्स करून हवा गेली. तुम्हाला हसू आलं. मला वाटलं हसण्यामुळेच गेली.

"अब आँखें ज़ोर से बंद करें."

तुम्ही मिटलेत. जोरानं. कपाळाला आठ्या पडल्या. आणि डाव्या पापण्यांमधे ती रेघ होती. अगदी बारीक. सुताएवढी.

"दोनों बराबर बंद हुईं?"

मी फटीशी उभी होते. माझी मान डॉक्टरांना दिसत होती आणि दादासाहेबांनाही. मान हलवली असती तर चाललं असतं, तेवढी मुभा होती. पण जिजी, मानेला दोनच गोष्टी येतात. हो आणि नाही. उजवा मिटला होता आणि डावाही जवळजवळ मिटला होता. नाही म्हटलं तर "कौन-सी, कितनी, कब से" असं विचारतील, आणि त्याला शब्द लागतील. मोठ्या दिरासमोर शब्द. सुताएवढं तर आहे, असं मी मनाशी म्हटलं.

मी मान खाली वर केली. हो.

डॉक्टर उठले. बाहेर जाताना त्यांनी दादासाहेबांना सांगितलं ते आपण दोघींनी ऐकलं. साधी गाठ दिसते. इतक्या वर्षांची आहे, चेहऱ्याची नस शाबूत आहे. कवचासकट सोलून काढू. एका बाजूला चिकटलेली लागते, पण जुन्या गाठी कधी कधी चिकटतात. नस कमजोर असती तर गोष्ट वेगळी होती.

तुम्ही मला कोपरखळी मारलीत. "पाहिलं? आवळाच आहे. तू काहून रडून राहिली?"

आठ दिवसांनी इस्पितळात जायचं होतं. त्या आठ दिवसांत मी काय काय केलं ते तुम्हाला कळलं नाही. ह्यांना सांगावं तर हे जंगलखात्याच्या दौऱ्यावर, मंडल्याकडे. तुम्हाला सांगावं म्हणून दोनदा तुमच्या मागे उभी राहिले, दोनदा तुम्ही म्हणालात, "काय पाहिजे ते घे की." शेवटी मी दादासाहेबांना चिठ्ठी लिहिली. चौथीच्या अक्षरात चार ओळी. ती त्यांच्या पानाच्या डब्याखाली ठेवायची होती. मग मनात आलं की भावजयीनं भासऱ्याला चिठ्ठी लिहिणं हे बोलण्याहून वाईट. ती चिठ्ठी मी चुलीत घातली. त्या दिवशी पोळ्या करपल्या आणि तुम्ही दादासाहेबांना सांगितलंत, "माझ्या हातून करपल्या."

इस्पितळाच्या व्हरांड्यात मी बाकाच्या टोकाला बसले होते, पदर हनुवटीपर्यंत ओढून. दादासाहेब दुसऱ्या टोकाला. तुम्हाला आत नेलं तेव्हा तुम्ही पदराआडून मला म्हणालात, "सुमीची वेणी घट्ट घालत जा, सैल घालते तू." तेच शेवटचं. सरळ तोंडानं तुम्ही बोललेलं शेवटचं.

ऊन व्हरांड्यात अर्ध्यापर्यंत आलं तेव्हा दार उघडलं आणि डॉक्टर स्वतः बाहेर आले. तोंडावर फडकं, हात रक्तानं भरलेले, ते वर धरलेले. मागे गोरी नर्स, तिच्या हातात पांढरं ताट. ताटात गाठीचा एक तुकडा होता, मधोमध चिरलेला. मी पाहिला, जिजी. एकीकडून तो भिजलेल्या साबुदाण्यासारखा होता, पांढरा, चमकणारा. दुसरीकडून राखाडी आणि खरखरीत, कच्चा पेरू कापावा तसा. तो आवळा नव्हता.

डॉक्टर दादासाहेबांना म्हणाले, "ये हिस्सा मुझे अच्छा नहीं लगता. छुरी से किरकिर की आवाज़ आई. चेहरे की नस सीधी इसी में जा रही है. पक्का तो नागपुर की जाँच बताएगी, उसमें हफ्ते लगेंगे. वो अभी मेज़ पर हैं, मुझे अभी तय करना है. नस में बीमारी घुसी है तो नस भी निकालनी होगी. नहीं घुसी, तो चेहरा बच सकता है. बेहोशी में सबका चेहरा एक-सा ढीला रहता है, देखकर कुछ नहीं समझता. ठीक याद कीजिए, चेहरे में पहले से कोई कमज़ोरी थी?"

दादासाहेब म्हणाले, "नहीं थी. आपने पूछा तो था उस दिन."

डॉक्टर वळले.

"थी," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. दादासाहेबांनी माझ्याकडे मान वळवली आणि लगेच फिरवून खांबाकडे नेली. डॉक्टर थांबले. मी पदराच्या आतून, बाकाकडे पाहत बोलले. "बाईं आँख. थोड़ी खुली रहती थी. सोते में. पानी भी गिरता था, बाएँ तरफ से."

"कब से?"

"दिवाली से."

"तो उस दिन..." असं म्हणून ते थांबले. माझ्याकडे पाहिलं, मग दादासाहेबांकडे पाहिलं. "पहले पता होता तो मैं यहाँ हाथ ही नहीं लगाता. बंबई भेजता. वहाँ इसका दूसरा इलाज भी है, रेडियम की सुइयाँ लगाते हैं. अब तो खुल गया." आणि ते आत गेले. दार मिटलं.

मला ठाऊक होतं ते आत जाऊन काय करणार. तुमचं अर्धं तोंड माझ्या दोन वाक्यांनी गेलं. ती दोन वाक्यं आठ दिवस आधी बोलले असते तर कदाचित काही वेगळं झालं असतं, आणि त्या वेळीही गप्प राहिले असते तर तुमचं तोंड तुमच्यापाशी राहिलं असतं, आजारासकट. यातलं कोणतं वाईट ते मी दोन वर्षं ठरवते आहे.

बऱ्याच वेळानं दादासाहेब त्या खांबालाच म्हणाले, "घरी यातलं काही बोलायचं नाही."

नागपूरचा कागद महिन्यानं आला. वाईटच होतं. डॉक्टरांनी दादासाहेबांना सांगितलं, नस काढली ते बरोबर केलं. दादासाहेबांनी घरी सांगितलं, "औषधानं बरं होईल."

तुम्ही आरसा मागितलात तेव्हा मी दिला. तुम्ही पाहिलंत, उलटा करून परत दिलात, आणि म्हणालात, "चला, आता डाव्या बाजूनं येऊन कोणी काही मागितलं तर नाही म्हणायला नको. तोंडच हलत नाही." मी हसले नाही. तुम्ही रागावलात. "हस की. मला अर्धंच येतं, उरलेलं तू हस."

पण पुढे तुम्ही भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलात. डाव्या गालात घास अडकायचा, तो बोटानं काढावा लागायचा. हळदीकुंकवाला जाणं सोडलंत. मी तुमच्याजवळ भिंतीकडे तोंड करून बसायचे, म्हणजे एकटीनं भिंतीकडे बसल्यासारखं वाटायला नको. एकदा तुम्ही भिंतीला म्हणालात, "दोघी शिक्षा झालेल्या पोरींसारख्या दिसत असू." त्या दिवशी मी हसले.

आणि ते आपलं भांडण. दर चार दिवसांनी. तुम्ही म्हणायचात, डॉक्टरचा हात चुकला. "चांगली नस कापली आणि वर शहाणपणा सांगून राहिला. बंगाल्याला काय, दुसऱ्याचं तोंड." मी म्हणायचे, "नाही जिजी, त्यांनी मुद्दाम..." तुम्ही मधेच तोडायचात, "मुद्दाम काय? तुला काय माहीत? चौथी शिकली म्हणून डॉक्टर झाली काय?" मी वाटी उचलून आत जायचे. तुम्हाला वाटायचं मी हरले. मला एका परीनं बरं वाटायचं की तुमचा राग डॉक्टरांवर आहे. हे लिहिताना माझी मला लाज वाटते. तो माणूस तुमच्यासाठी दर महिन्याला टांग्यातून येत होता आणि तुम्ही चादरीआडून त्याला शिव्या घालत होता, आणि मी दोघांमधे उभी राहून त्या ऐकत होते.

डोळा उघडा राहायचा म्हणून सकाळ-दुपार-संध्याकाळ मी त्यात एरंडेलाचा थेंब सोडायचे, पापणी बोटानं खाली ओढायचे आणि पट्टी बांधायचे. तुम्ही म्हणायचात, "तुझ्याइतका माझा डोळा कोणी पाहिला नसेल." तुम्ही सहज म्हणायचात. माझा थेंब चुकायचा.

शेवटच्या महिन्यात खोकला लागला आणि पाठीची हाडं दुखायला लागली. डॉक्टर आले, चादरीबाहेर उभे राहिले, आणि दादासाहेबांशी हळू बोलले. पण तुमचे कान शेवटपर्यंत तिखट होते. "नस तो पहले से ही गई हुई थी," असं ते म्हणाले. "आँख तो ऑपरेशन से पहले भी पूरी बंद नहीं होती थी." तुम्ही ऐकलंत. त्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना शिव्या घातल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुमच्या डाव्या अंगाला बसले होते, वाटी घेऊन. सुमी उजव्या अंगाला बसून तुमचे केस विंचरत होती. गळलेल्या केसांचा गुंता फणीला लागला होता. तुमचे प आणि ब आता नीट उमटत नव्हते, हवा निघून जायची, पण मला सगळं कळायचं.

तुम्ही म्हणालात, "मिटलेला डोळा मला दिसत नाही."

मी थेंब सोडला.

"ह्यांनी माझं तोंड दिवसाउजेडी कधी धड पाहिलं नाही. सुमी तेव्हा लहान. मिश्राइन बांगड्या पाहते." तुम्ही दम घेतलात. "मग राहिलं कोण? डॉक्टरला तू सांगितलं काय ग?"

चौदा आणि दोन, सोळा वर्षांत तुम्ही मला इतका सरळ प्रश्न कधी विचारला नव्हता. नेहमी उत्तरही तुम्हीच द्यायचात. मला म्हणायचं होतं, हो, मी सांगितलं. पण त्याआधी एकदा मी खोटं सांगितलं होतं, तुमच्यासमोर, त्या चादरीशी, मानेनं. तुम्ही डोळे मिटले होते म्हणून तुम्हाला दिसलं नाही. मला म्हणायचं होतं की दादासाहेब तिथे होते. मला म्हणायचं होतं की मी चिठ्ठी लिहिली होती. तोंड उघडलं तेही मला आठवतं.

मी मान खाली वर केली. हो. पुन्हा तेवढंच.

मी तुमचं तोंड पाहत होते, पण मी डावीकडे होते. डावीकडे काही हलत नाही. तुम्ही हसलात की रडलात की दात आवळलेत, ते डावीकडून कधीच कळत नाही. मी एवढंच पाहिलं की सुमीच्या हातातली फणी केसांत थांबली. मग तुम्ही भिंतीकडे वळलात, आणि तिसऱ्या दिवशी गेलात.

न्हाऊ घालताना बायका तुमचा डावा डोळा मिटायला पाहत होत्या. हातानं दाबला की मिटायचा, हात काढला की उघडायचा. एक म्हणाली, "काहीतरी राहिलं आहे हिचं." मी त्यांना बाजूला केलं, पापणी रोजच्यासारखी खाली ओढली आणि ओल्या बोटानं धरून ठेवली. खूप वेळ धरली. सुताएवढी राहिलीच.

सुमीच्या बाजूला काय दिसलं ते मी तिला विचारलेलं नाही. तेरा दिवस ती माझ्यापुढे रोज वेणीला बसली आणि मी तिच्या पाठीशी बसून वेणी घट्ट घातली, तुम्ही सांगितलंत तशी. तिचं तोंड पलीकडे असायचं. आता ती ओसरीवर फणी घेऊन येऊन बसली आहे. "काकू, येता का?" अशी तिनं हाक मारली आहे. आज तिला माझ्याकडे तोंड करून बसवून विचारणार आहे, जिजी. याला मान चालायची नाही.